साथीचा आवाज, चालू स्थितीत

ये, जरा पुढे सरक. असं दाराशी अंग चोरून बसू नकोस, ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. हिच्यात आवाज फारसा चढत नाही. देवाच्या घरात पुढे उभं राहणाऱ्यांच्या गोष्टी तू पुष्कळ ऐकल्या असशील, आज मागे उभ्या राहणाऱ्या एका बाईची ऐक. मोठी नाही. गुरुवारी सुरू होते आणि रविवारी संपते. मधल्या तीस वर्षांचं काय ते ओघात येईलच.

गुरुवारची दुपार. झेरॉक्सच्या दुकानात यंत्राच्या झाकणाखालून हिरवट उजेडाची रेघ इकडून तिकडे जात होती आणि काजवाली आपली जेवणाची सुट्टी त्या रेघेमागे घालवत उभी होती. सकाळी हेडमास्तरांनी तिच्या हातात पाकीट दिलं होतं. सात प्रती, उद्यापर्यंत, आणि कडा सरळ येऊ द्या. हेडमास्तर म्हणजे प्रार्थनामंडळीच्या कमिटीचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी माणसांकडे अजून हजेरी घेतल्यासारखे बघायचे. तिचं शिलाईचं दुकान झेरॉक्सला लागून, म्हणून मंडळीचे सगळे कागद तिच्याच हातून जायचे. दुकानात ती शर्टांची काजं करायची, म्हणून तिथे ती काजवाली. रविवारी प्रार्थनाघरात बाबांच्या, म्हणजे मंडळीच्या प्रमुखांच्या, मागे उभी राहून त्यांच्या गाण्याच्या ओळीचं शेपूट उचलायची, म्हणून तिथे ती मागची. दोन्हीकडे काम एकच, असं ती म्हणायची: भोक नीट शिवायचं, लोक बघणार बटणाकडे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'नेतृत्वाच्या उत्तराधिकाराची योजना' असं होतं. खाली चौकटी, चौकटींना बाण. 'आजवरचे प्रमुख' या मथळ्याखाली संस्थापक, त्यांच्यापासून बाण बाबांकडे, बाबांपासून बाण एका तुटक रेघांच्या रिकाम्या चौकटीकडे. तिला त्यात गैर काही वाटलं नाही. बाबा थकले होते, मंडळीच्या दवाखान्याला देणगी देणाऱ्यांनी विचारलं होतं की यांच्यानंतर कोण, आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. तिसरं पान यंत्रावर पालथं घालताना तिचं लक्ष गेलं. 'नव्या प्रमुखांकडे सोपवायच्या वस्तू.' पेटी, एक. ध्वनिक्षेपक, दोन, पैकी एक शिट्टी मारतो. चटया, चाळीस. आणि चौथ्या ओळीत: साथीचा आवाज (स्त्री), एक, चालू स्थितीत.

आधी तिला हसू आलं. इतकं की झेरॉक्सवाल्यानं मान वर करून विचारलं, बाई, कागद अडकला का? मग ते हसू घशाशी येऊन थांबलं, आणि जिथे थांबलं तिथे कुणीतरी दोऱ्यानं चिठ्ठी बांधल्यासारखं वाटू लागलं, इस्पितळात बाटलीला बांधतात तशी. तिनं हात गळ्याकडे नेला. गळा तिथेच होता, सत्तावन्न वर्षांचा, खाली थोडा सैल पडलेला, आतून मात्र घासलेल्या स्वच्छ भांड्यासारखा. चालू स्थितीत. हेडमास्तरांनी ते द्वेषानं लिहिलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. त्यांनी ते काळजीनं लिहिलं होतं. नव्या माणसाला काही कमी पडू नये, पेटीसारखीच साथही तयार मिळावी, या काळजीनं. त्या काळजीचाच तिला राग आला, आणि रागाची सवय नसल्यामुळे तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. त्याच पानावर खाली आणखी एक वाक्य होतं: 'एकोणीस पारंपरिक कथांचे मौखिक साहित्य नव्या प्रमुखांना यथावकाश अवगत होईल.' होईल. कसं होईल? कुणाच्या गळ्यातून होईल? यंत्राची रेघ गेली आणि आली. तिनं तिसरं पान काढून घेतलं, गळ्यात अडकवलेल्या दोरीची पेन्सिल उचलली, चौथ्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला बारीक, सारख्या अक्षरात लिहिलं: ही वस्तू कुणालाही सोपवली जाणार नाही. मग ते पान परत यंत्रावर ठेवून सात प्रती काढल्या. कडा सरळ आल्या.

आता या मंडळीतलं प्रवचन कसं असतं ते सांगायला हवं. इथे प्रवचन वाचत नाहीत, गातात. पुढचा एक ओळ गातो, थोडं बोलतो, पुन्हा गातो; त्याची ओळ संपता संपता मागची तिचा शेवटचा तुकडा उचलते आणि दोनदा म्हणते, तेवढ्यात पुढच्यानं दम घ्यायचा. समोर कागद ठेवायचा नाही, हा संस्थापकांपासूनचा नेम. ओठांवर नाही ते काळजात नाही, असं ते म्हणत. ऐकायला गोड आहे, पण ओठ म्हातारे होतात याचा विचार त्या नेमानं केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी नावाड्याची कथा चालू होती. भर धुक्यात नाव हाकणारा माणूस, आणि त्याला दिशा कळावी म्हणून पलीकडच्या काठावर रिकामा डबा बडवत उभं असलेलं कुणीतरी. बाबांनी ओळ घेतली: 'धुकं उतरलं पाण्यावरती, काठ कुठं तो कळेना.' तिनं शेपूट उचललं, कळेना, कळेना. आणि बाबा पुढे गेलेच नाहीत. तिला त्यांची पाठ दिसत होती. तीस वर्षं ती त्या पाठीकडेच बघत आली होती. पाठीवरून तिला कळायचं की आज बाबा जेवले नाहीत, आज कुणीतरी त्यांना लागेल असं बोललंय, आज त्यांना देव जवळ वाटतोय. त्या दिवशी पाठ कोरी होती. पुसलेल्या पाटीसारखी. पेटीवाला कंपाउंडर त्याच सुरावर भाता हलवत राहिला, चाळीस चटयांवरची माणसं डोळे मिटून होती, आणि तिनं तिसऱ्यांदा कळेना म्हणता म्हणता त्याच श्वासाच्या टोकाला, फक्त त्या एका कानापुरतं, जोडून दिलं: डबा. बाबांची पाठ हलली. 'डबा वाजवी कुणी पलीकडं, हात तयाचा दिसेना.' चटयांवर कुणी हुंदका दिला, कुणी मान डोलावली. त्या दिवशीचं मौन फार परिणामकारक होतं, असं नंतर हेडमास्तर म्हणाले.

त्याबद्दल बाबा तिच्याशी कधी बोलले नाहीत, तीही बोलली नाही. फक्त पुढच्या रविवारी बाबा आपल्या नेहमीच्या फरशीवर उभे राहिले नाहीत. प्रार्थनाघरात काळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. बाबा तिच्या तीन फरश्या पुढे उभे राहायचे, ते आता अडीच झाले. सहा महिन्यांनी दोन. मग दीड. पुढचा ध्वनिक्षेपक शिट्टी मारतो म्हणून बाबा मागे सरकतात, असं मंडळीनं ठरवून टाकलं आणि यादीतही तसं लिहिलं. गेल्या पावसाळ्यानंतर तर दोघांत एकच फरशी उरली होती, पांढरी, कोपऱ्याला टवका उडालेली. एकोणीसच्या एकोणीस कथा आता ती मागून पुढे वाहून नेत होती, एकेका शब्दानं. बाबा त्या शब्दाला आपला सुंदर, भरदार, जुना आवाज द्यायचे. आणि कमिटी बसून ठरवत होती की प्रमुख कधी बदलायचा. तो बदलून दोन वर्षं झाली होती. कुणाला निरोप गेला नव्हता, इतकंच.

संध्याकाळी घरी तिनं पान ताईपुढे टाकलं. ताई, म्हणजे तिची मोठी बहीण, प्रार्थनाघरात वर्षातून दोनदा जायची आणि दोन्ही वेळा चप्पल हरवून यायची, म्हणून देवावर तिचा थोडा राग होता. तिनं चष्मा लावून ओळ वाचली आणि म्हणाली, अगं, पेटीच्या आधी तरी घालायचं होतं तुला. मग म्हणाली की गॅरंटी किती वर्षांची तेही लिहून घे. काजवाली हसली नाही, तेव्हा ताईनं चष्मा काढला. मग सांगत का नाहीस सगळ्यांना, तिनं विचारलं, की म्हातारा विसरतो आणि तू सांभाळतेस? या प्रश्नाला काजवालीपाशी उत्तर होतं, पण ते तिचं नव्हतं, थोरलीचं होतं.

थोरली तिच्या आधीची मागची. ठेंगणी, एका डोळ्यात फूल पडलेली, दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून पट्ट्या गुंडाळणारी. काजवाली सत्तावीस वर्षांची असताना थोरलीनं तिला समोर बसवलं, पट्टीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि कथा शिकवायला सुरुवात केली. शेपटं नाही, पूर्ण ओळी. काजवाली म्हणाली, मला तर फक्त शेवटचा तुकडा म्हणायचाय. थोरलीनं पट्टी ताणून धरली: "पुढच्याला पुढचं येत नसलं तरी चालतं गं. मागचीला आलं पाहिजे." ती गंमत वाटली होती. पट्टीला एक वास असायचा, उकळलेल्या सुताचा, आणि अजूनही एखादी कथा आठवताना काजवालीच्या नाकात आधी तो वास यायचा, मग शब्द. पुढे दहा वर्षांनी थोरली इस्पितळात शेवटची पडली होती तेव्हा हसत हसत, खोकत खोकत तिनं सांगितलं की संस्थापक गेले आणि हा आपला बाबा पुढे उभा राहिला, सव्वीस वर्षांचा कोवळा, गळा सोन्याचा पण डोक्यात अर्धी कथाही नाही. तीन वर्षं. तीन वर्षं एकेक शब्द मागून ढकलत नेला मी त्याला. लोक म्हणाले, संस्थापकांचा वारसा यानं कसा अलगद उचलला. काजवालीनं विचारलं होतं, मग तू सांगितलं का नाहीस? थोरलीनं तो फूल पडलेला डोळा तिच्यावर रोखला. "सांगितलं असतं तर त्याला बसवला असता. मला थोडीच उभी केली असती?"

तेव्हा तिला वाटलं होतं, ही त्यागाची गोष्ट आहे. वीस वर्षं तिनं ती तशीच जपली, प्रवचनातल्या दृष्टान्तासारखी, कपाळाला लावून. आता स्वयंपाकघरात पाणी तापायची वाट बघत ती उभी होती, भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरत होते, आणि तिला पहिल्यांदा दिसलं की ती त्यागाची गोष्ट नव्हतीच. ती हिशेबी बाईची गोष्ट होती, जिनं समोरच्या माणसांना नीट ओळखलं होतं. आणि आपण तिला नुसतं गोड मानून तिचा राग वीस वर्षं धुऊन टाकला. नवा माणूस येईल, त्याला तीन वर्षं ढकलायचं. तो म्हातारा होईल, त्याला पुन्हा ढकलायचं. मध्ये कुणीतरी सत्तावीस वर्षांची शोधायची आणि तिच्या हातात पट्टीचं टोक द्यायचं. चौकटीतून चौकटीकडे जाणारा तो बाण कागदावर होता. खरा वारसा मागच्या भिंतीच्या कडेनं चालत आला होता, चपला हातात घेऊन, कुणाची झोप मोडू नये म्हणून. पुरे, ती पाण्याला म्हणाली. तिला देवाचा राग आला नाही, हे इथे सांगायला हवं. देव तर डबा बडवणाऱ्याच्याच बाजूचा असणार, हा तिचा विश्वास तीस वर्षं गाऊन गाऊन पक्का झाला होता. राग आला तो नुसत्या नावेकडे बघणाऱ्यांचा.

शुक्रवारी हेडमास्तर दुकानात आले. सातही प्रती त्यांच्या हातात होत्या आणि चेहऱ्यावर शाईचा डाग सापडल्यासारखा भाव. ते म्हणाले, बाई, हे असं असतं, नुसतं लिहिण्यापुरतं. अपमान करायचा हेतू नव्हता. ती काजाच्या कडेला टाके घालत होती. म्हणाली, मीही लिहिण्यापुरतंच लिहिलंय. मग त्यांनी समजावलं की रविवारी बाहेरचा उमेदवार येतोय, मोठ्या मंडळीत शिकलेला, पदविका घेतलेला, सज्जन माणूस. आधी बाबांनी कथा करायची, मग त्यानं प्रवचन द्यायचं, आणि साथ नसली तर त्याचा मान कसा राहणार. तुम्हाला नेमकं हवंय तरी काय? तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं तर आधी बाबांचं सांगावं लागलं असतं, आणि बाबांची कोरी पाठ या माणसाच्या हाती द्यायला तिचं मन धजेना. तिनं दोरा दातानं तोडला. "रविवारी मी मागे नसेन," ती म्हणाली, "बाकी तुमची योजना तुम्ही बघा." हेडमास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं, जणू वर्गात कुणी दुसरंच बोललं असावं.

त्यानंतर दिवसभर तिच्या बोटाला सुई टोचत राहिली. बोलून तर बसले खरी, पण रविवारी बाबा पहिल्या ओळीशी उभे राहतील, मागे कुणी नसेल, आणि ती कोरी पाठ सगळी मंडळी बघेल. पाठ नाही, चेहरा बघेल, तो तिनं स्वतःही पाहिला नव्हता. हट्ट करायचा तर तो म्हाताऱ्याच्या अंगावर पाय देऊन करायचा, असंच का हे असतं नेहमी? थोरलीनं म्हणूनच गिळलं असेल का? शनिवारी दुपारी दुकान लवकर सोडून ती बाबांकडे गेली. प्रार्थनाघरामागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. टेबलावर पावट्याच्या शेंगा पसरून दाणे सोलत बसले होते. दाणे टोपलीत आणि सालं वाटीत टाकायचे की उलटं, यात घोटाळा झाला होता आणि दोन्हीकडे दोन्ही होतं. तिनं निवडायला घेतलं. बाबा म्हणाले, पोरी, हेडमास्तर येऊन गेला. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दाणे सोलता सोलता त्यांनी विचारलं:

"उद्या तू कुठे उभी राहणार?"

"मागे नाही, बाबा."

त्यांनी एक शेंग उचलली, तिची शीर ओढून काढली, आतले चार दाणे अंगठ्यानं मोजले. मग त्या शेंगेलाच विचारल्यासारखं म्हणाले, "मग मी कुठे उभा राहू?"

ती उठून निघाली. दारात वळून पाहिलं तर बाबा पुन्हा सालं टोपलीत टाकत होते. रस्त्यानं जाताना तो प्रश्न तिच्या बरोबरीनं चालत राहिला. त्यात काकुळती होती की कुतूहल, हे तिला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

रविवारी सकाळी प्रार्थनाघर भरलं. उमेदवार पहिल्या चटईवर बसला होता, चांगल्या चेहऱ्याचा, गुडघ्यावर वही, वहीत पेन. ताईसुद्धा आली होती, यंदा चपला पिशवीत घालून. काजवाली बाजूच्या दारातून आत आली, भिंतीच्या कडेनं आपल्या जागेकडे चालू लागली, पाय सवयीनं तिकडेच वळत होते. जागा आली. ती थांबली नाही. टवका उडालेली पांढरी फरशी ओलांडली, मग काळी, मग पुढची पांढरी, आणि जिथे तीन फरश्या मोजून होत होत्या, जिथली चकाकी बाबांच्या टाचांनी तीस वर्षं घासून घालवली होती, तिथे जाऊन उभी राहिली. इथून माणसं दिसत होती. आजवर तिला फक्त पाठ दिसायची. आता चेहरे दिसत होते, ऐंशी डोळे, आणि तिला वाटलं की कपडे काढून उभं राहावं तसं आहे हे. हेडमास्तर खाकरले. पुन्हा खाकरले. शिट्टी मारणाऱ्या ध्वनिक्षेपकानं त्यांना साथ दिली. कुणीतरी हसलं. 

बाबा आतल्या दारातून आले. त्यांनी तिला पाहिलं, तिच्या फरशीला पाहिलं. आता ते काय करतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. ते सावकाश चालत तिच्या मागे गेले. तिनं वळून पाहिलं नाही, पावलं ऐकली: एक, दोन, तीन. मग पावलं थांबली. कंपाउंडरनं, कुणाकडे बघावं ते न कळून, देवाचं नाव घेऊन भाता ओढला.

'धुकं उतरलं पाण्यावरती,' तिनं घेतलं. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. ओळीच्या शेपटाशी राहणारा आवाज ओळीच्या तोंडाशी येताना आधी खरखरला, मग उकळलेल्या सुताचा वास आला आणि वाट सापडली. 'काठ कुठं तो कळेना.' आणि ती थांबली, कारण इथे पुढच्यानं दम घ्यायचा असतो. तो एक क्षण, भल्या माणसा, फार लांब होता. मागे भिंत होती, भिंतीपुढे एक विसराळू म्हातारा, ज्याला उद्याचं आणि कालचं आठवत नव्हतं. पण मागे उभं राहणाऱ्याला आत्ताचं आठवलं तरी पुरतं. 'कळेना,' मागून आवाज आला, भरदार, जुना, नितळ. 'कळेना.' त्यांनी कुठला शब्द पुढे केला नाही. तो त्यांच्यापाशी नव्हताच. तो तिचा तिच्यापाशी होता. तिनं मान वर केली आणि डबा वाजवला: 'डबा वाजवी कुणी पलीकडं.'

कथा झाली. तासभर चालली. दोनदा ती अडखळली, आणि दोन्ही वेळा चटयांवर कुणी डोळे मिटलेले नव्हते. मग बाबा मागून बोलले, गायले नाहीत, नुसते बोलले: "मंडळी, दोन वर्षं मला काही आठवत नाही. तुम्ही जे ऐकलंत ते हिचं. आणि मी नवा होतो तेव्हाचं थोरलीचं. हे मला आठवतंय तोवर सांगून टाकतो." एवढं बोलून ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले, ओझं उतरवलेल्या हमालासारखे. उमेदवारानं आपली वही मिटली. त्यानं प्रवचन दिलं नाही. जाताना तिला एवढंच म्हणाला की मला मोठ्या मंडळीत हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यात थट्टा आहे का हे ती बघत राहिली, नव्हती.

हेडमास्तर मात्र सहजी हरणारे नव्हते. चटया गुंडाळल्या जात असताना ते योजनेची प्रत घेऊन आले आणि म्हणाले, याला बैठक घ्यावी लागेल, हे नियमात बसत नाही, देणगीदारांना काय कळवायचं. ती म्हणाली, बसवा बैठक, मी येईन, आणि चटईवर नाही, टेबलाशी बसेन. मग तिनं त्यांच्या हातातून प्रत घेतली, पहिलं पान काढलं. रिकाम्या चौकटीला तिनं हात लावला नाही. ती कशी भरायची ते बैठकीत बघू. संस्थापकांकडून बाबांकडे जाणाऱ्या बाणावर, बरोबर मध्यावर, तिनं एक चौकट काढली, काजाच्या टाक्यांसारख्या सरळ रेघांनी, आणि आत लिहिलं: थोरली. हेडमास्तरांनी चष्मा वर केला. ही कोण, त्यांनी विचारलं. ते निवृत्तीनंतर, अकरा वर्षांपूर्वीच मंडळीत आले होते. आणि काजवालीनं, जिला त्या दिवशी उभं राहून राहून पाय दुखत होते, जवळची गुंडाळलेली चटई पुन्हा पसरली. "बसा," ती म्हणाली. "सांगते."

तुझ्याकडे एवढंच मागतो. घरी गेलास की बाबांना आठव, त्यांचं मन मोठं होतं. काजवालीला आठवलंस तर बरंच आहे, पण ती अजून गाते, तिची आठवण ती स्वतः करून देईल. थोरलीची कुणी करून देणार नाही. एका डोळ्यात फूल होतं तिच्या, हाताला उकळलेल्या सुताचा वास यायचा, आणि तिला सगळ्या ओळी पूर्ण येत होत्या. कुठे धुक्यात डबा वाजताना ऐकलास, तर क्षणभर थांब आणि तिची आठवण ठेव.